इंग्रजी षष्ठी आणि एक पितळी पाटी

गेल्या मार्गशीर्षांत आमच्या भाच्यानें पुण्यांत स्वतःची जागा घेतली. वास्तुशांतीस आम्ही सहकुटुंब गेलों होतों. दारावर नवी पितळी पाटी लखलखत होती. तिच्यावर इंग्रजी अक्षरांत ‘फडणीस’ हें घराण्याचें नांव कोरलेलें, त्याच्या आधीं ‘दि’ हें उपपद, आणि नांवाच्या शेवटीं, वर टांगलेल्या स्वल्पविरामासारखी ती खूण व तिच्यापुढें आणखी एक ‘एस्’. आमची नात इंग्रजी शाळेंत सहावींत आहे. जोडे काढतां काढतांच तिनें विचारलें, “आजोबा, ही खूण इथें बरोबर आहे का हो?” दुसऱ्याच्या शुभकार्यांत व्याकरण काढूं नये एवढें तारतम्य आम्हांस आहे, म्हणून “घरीं गेल्यावर सांगतों” असें म्हणून वेळ मारून नेली.

पण घरीं येऊन सांगावयास बसलों, तों ध्यानांत आलें कीं, हें प्रकरण पांच मिनिटांचें नाहीं. शिवाय ह्याच खुणेच्या पायीं एकदां आमच्या हातून एका मुलीवर अन्याय घडलेला आहे. तो झांकून ठेवून व्याकरण सांगत बसणें आम्हांस बरें वाटेना. ज्या वाचकांच्या घरीं शाळेंत जाणारीं मुलें आहेत, त्यांना ह्यांतलें कांहीं उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून हें लिहीत आहों.

आम्ही जुने मॅट्रिक. घरची परंपरा संस्कृताची. लहानपणीं शास्त्रीबुवांच्या पुढ्यांत बसून रूपावली आणि लघुकौमुदी घोकलेली. शाळेंत नोकरी धरली ती संस्कृत शिकवावें म्हणून. परंतु तालुक्याच्या गांवीं संस्कृताचे तास थोडे आणि इंग्रजीचे शिक्षक त्याहून थोडे, तेव्हां इंग्रजी आमच्या गळ्यांत पडलें. आम्ही तें सूत्रपद्धतीनें शिकवूं लागलों. षष्ठीचें आमचें सूत्र असें होतें : धनी एक असेल तर खूण ‘एस्’च्या आधीं, धनी अनेक असतील तर ‘एस्’च्या नंतर. सूत्र लहान, मुलांना एका दिवसांत पाठ होई, आणि खरें सांगावयाचें तर आमचाही वेळ वांचे.

सुमारें ३५ वर्षांपूर्वींची गोष्ट. एका सद्गृहस्थांनीं शाळेकडे थोडी ठेव ठेवली होती. तिच्या व्याजांतून सातवींत पहिल्या येणाऱ्या मुलास किंवा मुलीस पुढच्या वर्षाचीं पुस्तकें व फी मिळे. वर्गांत एका आचाऱ्याची मुलगी होती. अंगानें किरकोळ, बोलणें कमी, अक्षर मात्र मोत्यासारखें. वार्षिक परीक्षेंत ‘मुलांचीं खेळणीं’ ह्याचें इंग्रजी करावयाचें होतें. तिनें आधीं ‘चिल्ड्रेन’, मग खूण, मग ‘एस्’ असें लिहिलें. मुलें अनेक, तेव्हां खूण ‘एस्’च्या नंतर हवी, असें म्हणून आम्हीं तांबड्या शाईनें ती उचलून पलीकडे नेली आणि अर्धा गुण कापला. पेपर परत दिल्यावर ती टेबलापाशीं आली आणि हळूच म्हणाली, “गुरुजी, ‘चिल्ड्रेन’मध्यें ‘एस्’ नाहींच ना? मग खूण त्याच्या नंतर कशी येईल?” आम्ही म्हणालों, “नियम तो नियम. जाग्यावर जा.” ती गेली. निकाल लागला तेव्हां ती अर्ध्याच गुणानें दुसरी आलेली होती, आणि ठेवीचें व्याज दुसऱ्या मुलाकडे गेलें.

पुढें दोन वर्षांनीं शाळेच्या कपाटांतलें एक जुनें इंग्रजी व्याकरण चाळीत असतां त्यांत ‘चिल्ड्रेन’ची षष्ठी दिसली. खूण ‘एस्’च्या आधींच होती. त्याच संध्याकाळीं आम्ही आचाऱ्याच्या घरीं गेलों. पण तें बिऱ्हाड वर्षापूर्वींच गांव सोडून गेलेलें होतें. कोठें गेलें हें शेजाऱ्यांनाही सांगतां येईना.

आमचें सूत्र सर्वस्वीं खोटें नव्हतें, अर्धें होतें. आणि अर्धें सूत्र खोट्याहून वाईट, कारण तें बहुतेक ठिकाणीं खरें ठरून आपल्याला निर्धास्त करतें. तेव्हांपासून मिळतील तेथून इंग्रजीच्या पूर्वेतिहासाचीं पुस्तकें आणून आम्ही वाचूं लागलों, आणि नवल असें कीं, लहानपणीं घोकलेली रूपावलीच तेथें कामास आली.

संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांचें मूळ एक असावें, हें सर विल्यम जोन्स यांनीं १७८६ सालीं कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढें सांगितलें. इंग्रजी ज्या जर्मानिक शाखेंतली, ती शाखाही त्याच कुळांतली. आजची इंग्रजी प्रत्ययांच्या बाबतींत अगदीं बोडकी दिसते. पण हजार वर्षांपूर्वींची तशी नव्हती. तींत तीन लिंगें होतीं, विभक्ति होत्या, आणि नाम कोणत्या गणांतलें हें पाहून प्रत्यय लागत. दगडाला तेव्हां ‘स्तान’ म्हणत. ‘दगडाचा’ म्हणावयाचें तर ‘स्तानेस’. ‘अनेक दगड’ म्हणावयाचें तर ‘स्तानस’. ‘दगडांचा’ म्हणावयाचें तर नुसतें ‘स्ताना’. म्हणजे षष्ठीचा ‘एस्’ आणि बहुवचनाचा ‘एस्’ हे दोन निराळे प्रत्यय होते व त्यांचे स्वरही निराळे होते. पुढें कांहीं शतकांत शब्दान्तींचे स्वर झिजत झिजत एकसारखे झाले, आणि दोन्ही प्रत्यय कानाला एकच ऐकूं येऊं लागले. आपल्या मुलांचा सगळा गोंधळ येथून सुरू होतो.

संस्कृत जाणणाऱ्यास ह्या जोडीची ओळख पटण्यास वेळ लागत नाहीं. ‘देवस्य’ ह्यांतला ‘स्य’ हा त्या षष्ठीच्या ‘एस्’चा भाऊबंद, आणि ‘देवाः’ ह्यांतला विसर्ग, जो मुळांत ‘स्’च आहे व वेदांत ‘देवासः’ असाही दिसतो, तो त्या बहुवचनाच्या ‘एस्’चा. अगदीं तेच प्रत्यय नव्हेत, पण घराणें एक. आपल्या ‘रामास’ ह्यांतला ‘स’ देखील प्राकृतांतल्या ‘स्स’वरून, म्हणजे अखेरीस ‘स्य’वरूनच आला, असें मराठीचा इतिहास शोधणाऱ्या अनेकांचें मत आहे.

ह्या जुन्या षष्ठीचे अवशेष पाहावयाचे असतील तर भिंतीवरचें कॅलेंडर पुरे. ट्यूझडे, वेन्झडे, थर्झडे हे तीन वार तीव, वोडन आणि थुनोर ह्या तीन पुरुषदेवांचे. थुनोरास उत्तरेकडचे लोक थोर म्हणत. त्यांच्या नांवांना षष्ठीचा ‘एस्’ लागे, म्हणून ह्या तिन्ही वारांच्या पोटांत तो अजून बसलेला आहे. शुक्रवार मात्र फ्रिग देवीचा. स्त्रीलिंगी नामांची षष्ठी तेव्हां ‘एस्’नें होत नसे, म्हणून फ्रायडेंत ‘एस्’ नाहीं. सूर्य आणि चंद्र यांचीं नांवें आणखी एका गणांतलीं. त्यांच्या षष्ठीच्या शेवटीं नकार असे, तो प्रत्यय झिजून गेला, म्हणून संडे-मंडेही ‘एस्’वांचूनच राहिले. गंमत अशी कीं, त्या भाषेंत सूर्य स्त्रीलिंगी आणि चंद्र पुल्लिंगी होता. शनिवार रोमकांच्या सॅटर्न देवाचा. जुन्या लिखाणांत तो ‘एस्’सह आणि ‘एस्’शिवाय अशा दोन्ही तऱ्हांनीं सांपडतो. नातीला हें सांगितलें तेव्हां तिनें सातही वार कागदावर लिहून पुन्हां पुन्हां तपासले.

‘वन्स’ म्हणजे एकदां, ही ‘वन’ ह्या संख्येची जुनी षष्ठीच. ‘ट्वाइस’ व ‘थ्राइस’ तिच्याच वळणावर गेलेलीं. रात्रपाळी करणारा इंग्रज आपण ‘नाइट्स’ काम करतों असें सांगतो. तें बहुवचन आहे असें आज त्यालाही वाटतें. पण मुळाशीं जुनी षष्ठी आहे. ‘रात्रीं’ एवढें सांगण्यास षष्ठी कशाला, असें विचारण्यापूर्वीं आपण ‘तो रात्रीचा येतो’, ‘ती सकाळची फिरावयास जाते’ असें बोलतों, तें आठवावें.

आतां बहुवचन. लिहितांना ‘एस्’ एक, पण बोलतांना त्याचे तीन उच्चार होतात, ही गोष्ट आपल्या शाळांतून क्वचितच सांगितली जाते. ‘कॅट’पुढें तो शुद्ध ‘स्’ असतो. ‘डॉग’पुढें तो ‘बाजार’ ह्यांतल्या जकारासारखा होतो. ‘हॉर्स’, ‘बॉक्स’, ‘चर्च’ यांच्यापुढें मध्यें एक इकार घेऊन तोच जकार येतो. कारण उघड आहे : आधींचा वर्ण अघोष असला तर प्रत्यय अघोष, घोष असला तर प्रत्यय घोष, आणि आधींच सकार-शकारासारखा घर्षक असला तर दोन घर्षक एकमेकांस भिडूं नयेत म्हणून मध्यें स्वर. ‘वाक्’ आणि ‘ईश’ मिळून ‘वागीश’ होतो हें ज्याला शिकविलें आहे, त्याला हें नवें नाहीं. फरक इतकाच कीं, तेथें पुढचा वर्ण मागच्यास आपल्यासारखा करतो आणि येथें मागचा पुढच्यास. षष्ठीच्या ‘एस्’चेही हेच तीन उच्चार. इंग्रजी लिपि हा भेद लपविते, आपली नागरी तो सहज दाखवूं शकते. आणि तरीही आपण सरसकट ‘डॉग्स’ म्हणतों, ह्याचें आम्हांस वाईट वाटतें.

‘एस्’ न घेणारीं जीं थोडीं नामें आहेत, त्यांना अपवाद म्हणून पाठ करावयास लावण्याचा प्रघात आहे. आम्हांला तीं अपवाद वाटत नाहींत, जुन्या वाड्याचे शिल्लक राहिलेले खांब वाटतात. फूट, टूथ, गूस, माउस, लाउस, मॅन आणि वूमन हीं सात नामें पोटांतला स्वर बदलून बहुवचन करतात. फार पूर्वीं त्यांच्या बहुवचनी प्रत्ययांत इकार होता. तो पुढें येणार हें जाणून जीभ आधींच्या स्वराच्या वेळींच पुढें सरूं लागली. मग प्रत्यय गळून गेला आणि सरकलेला स्वर तेवढा राहिला. म्हणून फूटचें फीट. ह्या सातांकडे संस्कृताच्या डोळ्यांनीं पाहावें : फूट म्हणजे आपला पाद, टूथ म्हणजे दन्त, माउस म्हणजे मूषक, आणि गूस म्हणजे साक्षात् हंस. मॅन आणि मनु यांचेंही नातें जोडतात. इतके सोयरे एका यादींत बसलेले असतां मुलांना ती यादी कडू औषधासारखी पाजावी, हें आश्चर्य आहे.

ऑक्सचें बहुवचन ‘ऑक्सन’. ऑक्स हा आपला उक्षन्, म्हणजे बैल. आणि ‘उक्षाणः’ ह्यांत जो नकार आहे, तोच ‘ऑक्सन’मध्यें तग धरून राहिला आहे. ‘चिल्ड्रेन’ ह्या रूपांत तर दोन बहुवचनें एकावर एक बसलीं आहेत. आधीं रकार लावून बहुवचन झालें होतें. पुढें लोकांना त्या रकारांत बहुवचन दिसेना, म्हणून ऑक्सनचा नकार त्यावर चढविला. ‘एस्’ त्यांत कधींच नव्हता. त्या मुलीनें हेंच विचारलें होतें.

‘शीप’ एक असो वा शंभर असोत, ‘शीप’च, ‘डीअर’चेंही तसेंच. हीं जुनीं नपुंसकलिंगी नामें. त्यांचा बहुवचनी प्रत्यय फार लवकर गळाला. आमचे विद्यार्थी ह्याला हंसत आणि पेपरांत ‘शीप्स’ लिहीत. ‘एक दगड पडला’, ‘दहा दगड पडले’ असें आपण जन्मभर बोलतों, त्याचें मात्र कोणास हंसूं येत नाहीं.

‘वाइफ’चें ‘वाइव्ह्ज’ होतांना फकाराचा वकार कां होतो, तर दोन स्वरांच्या मध्यें सांपडलेला ‘एफ्’ जुन्या इंग्रजींत घोष उच्चारला जाई म्हणून. ‘चीफ’ हा मागाहून फ्रेंचांतून आलेला, त्याला ती संवय लागली नाहीं. ‘वाय्’च्या ठिकाणीं ‘आय्’ व ‘ई’ घालण्याचा नियम केवळ लेखनाचा आहे, तो पाठ करावा आणि सोडून द्यावा.

बहुवचन ओळखण्यांत चुका आपणच करतों असें नाहीं. वाटाण्याला इंग्रजींत आज ‘पी’ म्हणतात. पण मूळ एकवचन ‘पीज’ असें होतें. शेवटच्या सकारावरून तें बहुवचन असावें अशी लोकांची समजूत झाली आणि त्यांनीं सकार छाटून नवें एकवचन बनविलें. ‘चेरी’चीही कथा तीच. उलट ‘रिचेस’ म्हणजे संपत्ति, हें फ्रेंचांतून आलेलें एकवचन असून आज बहुवचनांत चालतें. तेव्हां आपल्याकडे बसमध्यें कंडक्टर “एका लेडीजला जागा द्या” असें म्हणतो, त्यावर आम्ही पूर्वींसारखे रागावत नाहीं. ‘ऑक्टोपस’च्या बहुवचनाबद्दल मात्र विद्वान म्हणविणारेही घसरतात. शेवटीं ‘अस्’ पाहून ते लॅटिन वळणानें ‘ऑक्टोपाय’ करतात. पण शब्द ग्रीक, आणि त्याचा अर्थ अक्षरशः अष्टपाद. साधा ‘एस्’ लावून ‘ऑक्टोपसेस’ म्हणावें, तेंच निर्वेध.

षष्ठीकडे परत येऊं, कारण खूण तेथें आहे. तिला ॲपॉस्ट्रॉफी म्हणतात. ती १६ व्या शतकांत फ्रेंचांचें पाहून इंग्रजींत आली, आणि आली ती गळलेलें अक्षर दाखविण्यासाठीं. म्हणजे काम आपल्या अवग्रहाचें. ‘सोऽहम्’ ह्यांतली खूण उच्चारीत नाहींत. येथें एक अकार होता एवढेंच ती डोळ्यांना सांगते. जुन्या हस्तलिखितांत पुष्कळदां ती नसतेही, आणि वाचणाऱ्याचें अडत नाहीं. इंग्रजीचेंही असेंच. शेक्सपिअरच्या नाटकांचा जो संग्रह १६२३ सालीं छापला गेला, त्यांत बहुतेक षष्ठी ह्या खुणेशिवायच आहेत. षष्ठीच्या एकवचनांत ती स्थिरावली १७ व्या शतकाच्या अखेरीस, आणि बहुवचनांत ‘एस्’नंतर ती देण्याची रीति त्याहूनही मागाहूनची. ज्या खुणेसाठीं आम्हीं गुण कापले, ती इतकी अलीकडची आहे.

ती षष्ठींत शिरली कशी, ह्याची कथा मौजेची आहे. ‘एस्’च्या आधींचा एकार उच्चारांतून गेला होता, त्याची ही निशाणी असें म्हणतां येतें. परंतु त्या काळीं पुष्कळांची समजूत अशी होती कीं, हा ‘एस्’ म्हणजे ‘हिज’ ह्या सर्वनामाचा संक्षेप. म्हणून ‘राजा त्याचा वाडा’ अशा थाटाची रचना लिहिण्यांत रूढ झाली. बेन जॉन्सनच्या सेजानसवरील नाटकाचें नांवच तसें आहे. जोसेफ ॲडिसनसारख्या लेखकानें १७११ सालीं ‘स्पेक्टेटर’ पत्रांत हीच उपपत्ति धरली. डॉक्टर सॅम्युअल जॉन्सन यांनीं १७५५ च्या आपल्या कोशाला जोडलेल्या व्याकरणांत तिचा निकाल लावला : स्त्रियांच्या नांवांनाही हाच ‘एस्’ लागतो, तेथें ‘हिज’ कोठून येणार? एवढी साधी शंका मोठमोठ्यांना शंभर वर्षें सुचूं नये, हें पाहून आमच्या मनाला थोडा दिलासा मिळाला, हें लपवीत नाहीं. पण ती शंका आमच्या टेबलापाशीं येऊन उभी राहिली होती आणि आम्हीं तिला जाग्यावर बसविलें, हेंही खरें.

मधल्या काळांत ह्या षष्ठीनें स्वभावच बदलला. संस्कृतांत ‘दशरथस्य राज्ञः पुत्रः’ असें म्हणावें लागतें. विशेषण, नाम, प्रत्येकाला आपापला प्रत्यय हवा. मराठींत आपण ‘दशरथ राजाचा मुलगा’ म्हणतों. ‘दशरथ’ मोकळा राहतो आणि ‘चा’ साऱ्या समूहाच्या शेवटीं एकदांच लागतो. जुनी इंग्रजी संस्कृताच्या बाजूची होती, आजची मराठीच्या बाजूला आली आहे. ‘किंग ऑफ इंग्लंड’ याची मुलगी म्हणावयाचें तर आज ‘एस्’ लागतो तो ‘किंग’ला नव्हे, ‘इंग्लंड’ला, आणि मुलगी कांहीं इंग्लंडाची नसते. दोघां भावांचें एक घर असेल तर खूण दुसऱ्याच्याच नांवावर पडते. ‘स्य’च्या घराण्यांत जन्मलेला हा प्रत्यय वागूं लागला आहे आपल्या ‘चा’सारखा. बहुवचनाचा ‘एस्’ असें करीत नाहीं. तो आपल्या नामाला चिकटून बसतो.

हें एकदां ध्यानांत आलें कीं सूत्र आपोआप सुचतें. ‘चा’ लावण्यापूर्वीं आपण नांव पुरें म्हणतों, तसें धन्याचें नांव आधीं पुरें लिहावें. एक असेल तर एकवचनी, अनेक असतील तर अनेकवचनी. तें लिहून झाल्यावर खूण द्यावी. त्या नांवाच्या शेवटीं बहुवचनाचा ‘एस्’ आधींच असेल तर तेथें थांबावें. नसेल तर षष्ठीचा ‘एस्’ द्यावा. ‘गर्ल्स’ला बहुवचनाचा ‘एस्’ आहे, थांबा. ‘चिल्ड्रेन’ला नाहीं, तेव्हां खूण देऊन ‘एस्’ लिहा. धनी किती आहेत ते मोजावयाचें नाहीं, नांव कशानें संपतें तें पाहावयाचें. ‘जेम्स’ ह्या नांवाचा ‘एस्’ बहुवचनाचा नव्हे, तेव्हां त्याला दुसरा ‘एस्’ मिळतो. कांहीं लोक तो देत नाहींत, पण उच्चारांत येतो तर लिहावा असें आमचें मत. आणि मराठी करून पाहतां ‘चा, ची, चें’ येतच नसेल तर खूण मुळींच नको. ‘टोमॅटो’च्या साध्या बहुवचनाला ही खूण चिकटविलेल्या पाट्या इंग्लंडांतल्या भाजीवाल्यांकडे इतक्या दिसतात कीं, तिकडे त्या चुकीस भाजीवाल्यांचेंच नांव पडलें आहे.

सर्वनामांना ही खूण नाहीं. ‘हिज’ला जशी नाहीं तशी ‘इट्स’लाही नाहीं, जेथें ती दिसते, तेथें तो ‘इट इज’ ह्याचा संक्षेप, म्हणजे खराखुरा अवग्रह. हा ‘इट्स’ फार नवा आहे. १६११ च्या इंग्रजी बायबलाच्या मूळ मुद्रणांत तो नाहींच. तेथें नपुंसकलिंगालाही बहुधा ‘हिज’ वापरलेलें आहे.

खुद्द इंग्लंडांत ह्या खुणेचे हाल पाहण्यासारखे आहेत. लंडनच्या भुयारी रेल्वेवर अर्ल्स कोर्ट आणि बॅरन्स कोर्ट हीं लागोपाठचीं स्टेशनें. पहिल्याला खूण आहे, दुसऱ्याला नाहीं. बर्मिंगहॅमच्या नगरपालिकेनें २००९ सालीं रस्त्यांच्या पाट्यांवरून ती काढून टाकण्याचें ठरविलें. तिच्या रक्षणासाठीं जॉन रिचर्ड्स नांवाच्या एका निवृत्त पत्रकारानें २००१ सालीं मंडळ काढलें होतें. २०१९ सालीं, वयाच्या नव्वदीनंतर, अज्ञान आणि आळस यांचा जय झाला असें सांगून त्यांनीं तें बंद केलें. पुढें दुसऱ्यांनीं तें पुन्हां चालू केलें. निवृत्त मनुष्यानें कशाचें तरी मंडळ काढावें, हें आम्हांस अगदीं समजतें.

भाच्याचा फोन आठवड्यानें आला. “मामा, पाटीबद्दल तुम्ही कांहींच बोललां नाहींत. छोटी जिन्यांत कांहीं तरी विचारीत होती म्हणे.” मग सांगणें भाग पडलें. पाटीवरच्या खुणेचा अर्थ ‘फडणीसाचें’ एवढाच होतो; काय फडणीसाचें, तें राहूनच जातें. ‘फडणीस मंडळी’ असें म्हणावयाचें तर बहुवचन हवें, खूण नको. आणि नांव सकारान्त असल्यामुळें मध्यें ‘ई’ घालून ‘फडणीसेस’ असें होईल. “मामा,” तो म्हणाला, “खूण मेण भरून बुजवतां येईल, पण पितळेंत ‘ई’ कुठून घालूं? आणि ‘फडणीसेस’ वाचून पोस्टमन परत जाईल.” थोडा वेळ थांबून त्यानें विचारलें, “मराठींत पाटी केली तर फडणीसचें अनेकवचन काय?” आम्ही म्हणालों, “फडणीसच. एक आले तरी फडणीस आले, सगळे आले तरी फडणीस आले.”

नवी पाटी नागरींत झाली. जुनी त्यानें नातीला दिली; ती तिच्या टेबलावर कागद दाबण्यासाठीं आहे, आणि खुणेच्या ठिकाणीं तिनें तांबड्या पेन्सिलीनें एक गोल काढून ठेवला आहे.